हिंजवडीच्या बसमधलं प्रबोधन

भीमराव ओव्हाळांना मुलीच्या कंपनीत जायचं नव्हतं. हिंजवडीच्या त्या काचेच्या इमारतीत वर्षातून एकदा म्हणे ‘फॅमिली डे’ असतो. पोरं आईबापांना आपली खुर्ची, आपला कॉम्प्युटर आणि कँटीन दाखवतात, आणि आईबाप सगळ्यालाच ‘छान, छान’ म्हणत फिरतात.

“मी काय कधी खुर्ची बघितली नाही?” असं त्यांनी म्हणून पाहिलं.

नंदाबाईंनी इस्त्रीचा शर्ट पुढे केला. “अहो, पोरीनं हौसेनं बोलावलंय. तोंड जरा बरं करा आणि चला.”

विषय संपला. नंदाबाईंपुढे विषय असेच संपत.

पण तोंड वाकडं व्हायला कारण होतं. भीमराव कॉलेजात इतिहास शिकवत. त्यातही युरोपातलं प्रबोधन आणि त्या प्रबोधनाचा प्राण असलेला मानवतावाद, या एका पेपरवर त्यांचा भारी जीव. अलीकडे पुण्यातलं जे ते पोरगं कॉम्प्युटरच्या क्लासला पळत होतं. गेल्याच आठवड्यात प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला आणि सांगितलं की पुढच्या महिन्यात सरांच्या निवृत्तीबरोबर पेपरही बंद होईल. “चहा मात्र चांगला होता,” एवढंच भीमराव घरी येऊन बोलले.

त्याहून जुनं एक दुखणं होतं, ते तर त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. बारावीनंतर त्यांची मुलगी मैत्री म्हणाली होती, “पप्पा, त्या इटलीतल्या मेलेल्या माणसांचं मी काय करू?” आणि ती इंजिनिअरिंगला गेली. सतरा वर्षांच्या मुलीनं बोलायचं तेच ती बोलली. पण बाप लोकही विचित्र असतात. त्या दिवसापासून भीमरावांनी घरात कुणापाशी आपल्या विषयाचा शब्द काढला नाही. कॉलेजातून पेपर आता जात होता. घरातून तो केव्हाच गेला, असं ते धरून चालले होते.

तर कंपनीची बस वारज्याहून निघाली, हायवेला लागली आणि वाकडच्या अलीकडे जी अडकली ती अडकलीच. ड्रायव्हर सर्जेराव जवळच्याच गावचा. त्यानं इंजिन बंद केलं. “आता बसा निवांत. आमची बैलगाडी ह्याच रस्त्यानं बिगीनं जायची. तवा रस्ता न्हवता, म्हणून.”

मागच्या सीटवर मैत्रीचा सहकारी तालिब आईला, नूरबानूंना, घेऊन बसला होता. तो पुढे वाकला. “सर, एक लेक्चर होऊन जाऊ दे ना. मैत्री सांगते, तुम्ही एकदम भारी शिकवता. तसेही आपण सगळे स्टक आहोत.”

मैत्री सांगते? भीमरावांनी मुलीकडे पाहिलं. ती खिडकीतून बाहेरच्या ट्रककडे बघत होती, जणू असा ट्रक तिनं जन्मात पाहिला नव्हता. पोरगा गोड बोलतोय, झालं, असं त्यांना वाटलं. पण शिकवायला सांगितल्यावर नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ते उठले, वरचा दांडा धरला आणि सवयीनं आधी हजेरी घ्यायला लागले.

ही हजेरी कॉलेजात बदनाम होती. भीमरावांना रोल नंबर चालत नसे. विद्यार्थ्यानं उभं राहून स्वतःचं, आईचं, वडिलांचं असं पूर्ण नाव सांगायचं, मग सर ‘बसा’ म्हणणार. यात अर्धा तास जाई आणि प्राचार्य दारावरून चरफडत जात. “माणसाबद्दल शिकायचंय तर आधी माणूस कोण ते कळू दे,” असं सरांचं म्हणणं.

इथे प्रत्येकाच्या गळ्यात कार्ड, कार्डावर नंबर. तरी एकेक जण हसत उठला.

“तालिब नूरबानू मकसूद तांबोळी.” नूरबानूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्या बसकडे एकदा बघून घेतलं.

“बसा.”

सर्जेरावही उठला. “सर्जेराव सुंदराबाई धोंडिबा.” आईचं नाव असं चारचौघांत घ्यायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती, घेतल्यावर तो उगाच आरसा पुसत बसला. मैत्रीला मात्र भीमरावांनी विचारलंच नाही. घरचं माणूस विद्यार्थी कसं असेल?

मग ते सुरू झाले. जुन्या चित्रांत संत मोठे असत, देवदूत मोठे असत. आणि ज्यानं पैसे देऊन चित्र काढून घेतलं तो बिचारा खाली कोपऱ्यात, वीतभर, हात जोडून. “मग काही वेडे लोक निघाले. मठांच्या कोठारांत धूळ खात पडलेली ग्रीक-लॅटिन पुस्तकं त्यांनी हुडकून काढली. इतिहास, काव्य, नीती वाचायला लागले. वाचता वाचता त्यांना वाटलं, माणूस ही बघण्यासारखी गोष्ट आहे. लिहिणारे आपल्या बोलीत लिहू लागले. आणि चित्रातला तो कोपऱ्यातला माणूस वाढत वाढत आपल्या खऱ्या मापाचा झाला.”

“पण सर,” नूरबानूंनी हात वर केला, “ती पुस्तकं तोवर सांभाळली कुणी?”

“छान विचारलंत. ग्रीकांच्या तत्त्वज्ञानाची, वैद्यकाची बरीचशी बगदादच्या आणि स्पेनच्या विद्वानांनी. अरबीत उतरवली, त्यांत स्वतःची भर घातली.”

नूरबानूंनी मुलाच्या बरगडीत कोपर मारलं. “ऐक.”

“आणि त्या मापाच्या माणसांत बायका किती होत्या हो?” नंदाबाई.

भीमराव हसले. “थोड्या. माणूस माणूस म्हणताना अर्धी माणसं विसरलीच त्यांनी.”

“वाटलंच मला,” नंदाबाई म्हणाल्या आणि पर्समधून बडीशेप काढून वाटायला लागल्या.

हा तास भीमराव दर वर्षी एकाच गोष्टीनं संपवत. “इटली लांब आहे, पण ही गोष्ट माझ्या घरातली आहे. माझे वडील खडकीच्या कारखान्यात हमाल होते. छप्पन्न साली ते नागपूरला गेले. आपल्याच देशातला फार जुना, विसरलेला विचार त्यांनी हाती घेतला आणि नवा माणूस होऊन आले. आल्यावर घरीसुद्धा गेले नाहीत. आधी फोटो स्टुडिओत गेले. फोटोवाला म्हणाला, खांद्यापर्यंत काढतो. तेव्हा वडील त्याला म्हणाले...”

इथे त्यांना थांबावं लागलं. हे वाक्य आपण आज शेवटचं म्हणतोय, हे नेमकं तेव्हाच त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी दांडा घट्ट धरला, खोकून पाहिलं. शब्द काही येईना.

“म्हणाले,” खिडकीजवळून आवाज आला, “‘पायापर्यंत घ्या. आजवर लोकांनी लई कापलं. आता माझं काही कापू नका.’”

मैत्रीचं तोंड अजून ट्रककडेच होतं. भीमराव बघतच राहिले. हे हिला कुठून ठाऊक?

“दर जुलैत तुम्ही पहाटे गॅलरीत येरझारा घालत हा तास म्हणायचात, पप्पा. मी आत पडून ऐकायचे. सगळा पाठ आहे मला. देवदूतांपासून.”

नंदाबाईंना हे माहीत असावं. त्यांनी शांतपणे बडीशेप तोंडात टाकली. पुढच्या गाड्या हलल्या. सर्जेरावानं इंजिन सुरू केलं आणि लोक टाळ्या वाजवायला लागले. तेवढ्यात मैत्री उठली, सीटांमधल्या वाटेत येऊन ताठ उभी राहिली.

“सर, माझी हजेरी राहिली.”

भीमरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “पूर्ण नाव?”

“मैत्री नंदा भीमराव ओव्हाळ.”

‘बसा’ म्हणायचं त्यांना सुचलंच नाही. म्हणून ती बसली नाही. त्यांच्याशेजारी तोच दांडा धरून हिंजवडी येईपर्यंत उभी राहिली.