दाराबाहेरची पंगत

स्टीलच्या डब्याची कडी निघताना एक कोरडा, ठसठशीत आवाज होतो. आमच्या घरी त्या आवाजाच्या पाठीला पाठ लावून दुसरा आवाज यायचा, बाबांचा, जरा घोगरा आणि उन्हात तापलेल्या रुळासारखा लांबवर जाणारा: ‘या जेवाले!’ समोर ओळखीचं कुणी असो वा नसो, गाडीचा डबा असो की एसटी स्टँडचा बाक, दृष्टीच्या टप्प्यातल्या प्रत्येकाला तो उद्देशून असायचा. वऱ्हाडात समोरच्याला बोलावल्याशिवाय घास तोंडात घालत नाहीत, आणि समोरचाही हसून ‘होऊ द्या’ म्हणतो. येत कुणीच नाही. पण त्या दोन वाक्यांच्या मधल्या अरुंद जागेत अनोळखी माणसं क्षणभर एका घरची होतात आणि मग आपापल्या गावाला जायला मोकळी होतात. माझे बाबा त्या जागेत राहायचे. नोकरी त्यांची चांदूर रेल्वेला, रुळांच्या गँगमध्ये झाली. पण पत्ता विचाराल तर तो त्या मधल्या जागेतला.

लग्नाच्या पंगतीत त्यांना बसलेलं मी पाहिलेलं नाही. मोर्शीकडचं लग्न असो की परतवाड्याकडचं, कुणी सांगायच्या आत वरणाची बकेट त्यांच्या हातात आणि डावा हात पाठीवर. वाकायचे कसे, तर फळांनी लगडलेली संत्र्याची फांदी वाकते तसे. त्या वाकण्यात लाचारी नव्हती, भरलेपण होतं. माझ्या आजोबांना गावात पाणी वरून, ओंजळीत मिळायचं. म्हणूनच असेल, आमच्या दारात आलेल्याला नाव विचारायच्या आत पाण्याचा तांब्या पुढे जायचा. मी संघटनेची पत्रकं लिहिणारी मुलगी, मला सरळ बोलायची खोड. एकदा विचारलंच, की बाबा, एवढे लोक ‘होऊ द्या’ म्हणतात, त्यातले रीत म्हणून किती आणि आपलं आडनाव माहीत आहे म्हणून किती? त्यांनी पोळीचा घास मोडला. ‘आपलं काम बोलावणं हाये, माय. खाणं न खाणं, थे त्याईचं.’

वैशाखातल्या अकोल्याचं ऊन पडत नाही, ते उभं राहतं. माणसाच्या समोर, कमरेवर हात ठेवून. अशाच एका दिवशी तिथल्या एका बियाणे कंपनीनं मला मुलाखतीला बोलावलं. कृषीची पदवी हातात, घरात त्या नोकरीची आस, आणि सोबतीला बाबा, कारण त्यांच्या मते लेकरानं उपाशी परीक्षा देऊ नये. सकाळी बोलावलेले आम्ही सगळे दुपार कलली तरी पत्र्याच्या व्हरांड्यात. पाण्याचं यंत्र होतं, पण आत, काचेच्या दारापलीकडे. ते दार फक्त चहाच्या ट्रेसाठी उघडायचं. उघडलं की आतला गारवा आणि वेलचीचा सुगंध आमच्या अंगावरून एखाद्या श्रीमंत नातेवाइकासारखा ओळख न दाखवता निघून जायचा. परतवाड्याहून पहाटेच्या जीपनं निघालेली एक मुलगी भिंतीला डोकं टेकून बसली होती. तिच्या ओठांवर पांढरी साय धरली होती. कुणी काही मागत नव्हतं. नोकरी मागायला आलेल्या माणसाला पाणी मागण्याची लाज वाटते, आणि हे बोलावणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं.

बाबा जिन्याखाली बसले होते, आपल्यामुळे लेकीला अवघडायला नको म्हणून. तिथे कडी वाजली.

‘या जेवाले, पोट्टेहो!’

‘होऊ द्या’ आलं नाही. मग ती परतवाड्याची मुलगी उठली आणि अगदी हळू म्हणाली, ‘काकाजी, खरंच येऊ?’

आयुष्यभर ज्या हाकेला कुणी आलं नव्हतं, त्या हाकेला कुणीतरी आलं. बाबांचा चेहरा मी त्या क्षणी पाहिला. संध्याकाळच्या तिरप्या उजेडात कपाशीचं फुटलेलं बोंड दिसतं तसा तो दिसला. आतलं सगळं पांढरंशुभ्र बाहेर आलेलं. ‘विचारतं काय वं? बस ना!’ पाठोपाठ दुसरा आला, तिसरी आली, आणि जमिनीवर पेपर अंथरून पंगत बसली. आलू-वांग्याची भाजी, ठेचा, कैरीचं लोणचं, अर्धी अर्धी पोळी, आणि आमच्या थर्मासातलं पाणी झाकणाझाकणानं. बाबा वाकले, डावा हात पाठीवर. एक पोट्टा तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, ‘काकाजी, मुलाखत बी तुमीच घेऊन टाका.’

‘मी त सगळ्याईलेच घेतलं असतं, बापा. म्हनून त मले कोनी खुर्चीवर बसवत नाही!’

हसू पत्र्याला जाऊन भिडलं. आणि काचेचं दार उघडलं.

बाहेर आलेल्या साहेबांनी पंगत पाहिली. ‘हे काय मंगल कार्यालय आहे?’ बाबांच्या हातात भाजीचा चमचा तसाच. त्यांना दुसरं काही सुचलं नसावं, किंवा हेच एक सुचत असावं. म्हणाले, ‘या साहेब, जेवाले.’

साहेबांनी ‘होऊ द्या’सुद्धा म्हटलं नाही. त्यांनी बाबांकडे पाहिलंच नाही. आम्हाला विचारलं, ‘कुणाचे आहेत हे?’ मी म्हणाले, ‘माझे बाबा आहेत.’ ते म्हणाले, ‘गेटबाहेर बसवा त्यांना. आतपर्यंत वास येतोय.’

बसवावं लागलं नाही. ‘सॉरी साहेब’ म्हणत बाबांनी झाकण लावलं. तो शब्द त्यांच्या तोंडून मी आधी कधी ऐकला नव्हता. उसन्या चपलेसारखा तो त्यांच्या जिभेवर सैल वाजला. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं त्यांनी फरशी पुसली, सांडलेला एकेक कण वेचला आणि रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले, पाठमोरे.

माझा नंबर लागला. आत टेबलावर बिस्किटांची अर्धी खाल्लेली बशी होती. मी बसण्याआधी म्हणाले, ‘सर, पाणी मिळेल? बाहेरच्यांनाही.’ मुलाखत घेणाऱ्यांपैकी एकानं घंटी वाजवण्यासाठी हात पुढे केला. साहेबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि हात मागे गेला. प्रश्न सुरू झाले. नोकरी मिळाली नाही. माझी उत्तरं चुकली असतील, माझ्याहून हुशार कुणी असेल. कारण मला आजही माहीत नाही. बाबांना मात्र माहीत आहे. ‘माह्या वांग्याच्या भाजीनं तुही नोकरी गेली,’ परतीच्या गाडीत ते एवढंच बोलले. डब्याच्या खालच्या खणात पोळ्या शिल्लक होत्या. त्यांनी तो उघडला नाही.

तेव्हापासून ते प्रवासात शक्यतो खात नाहीत. भूक अनावर झालीच तर खिडकीकडे वळतात, खांदा पुढे ओढून घेतात, कडी अंगठ्यानं दाबून आवाज न होऊ देता काढतात, आणि चोरल्यासारखे घास गिळतात. पंगतीच्या पंगती वाढणाऱ्या माणसाची ती आखडलेली मान मी मागून पाहते आणि मान खाली घालते. लाज ज्यांची होती त्यांनी ती ट्रेमधून बाहेर पाठवली. आणि दारी आलेल्या कुणालाच परत न पाठवणाऱ्या माझ्या बाबांनी तिलाही घरात घेतलं, बसायला दिलं, आणि आता ती हलायला तयार नाही.

पुढे अमरावतीत आमच्या संघटनेचं पत्रक मी लिहिलं: मुलाखतीला बोलावलेल्या माणसाला पाणी आणि सावली दिलीच पाहिजे, आणि दिवस लांबवलात तर चहा-फराळही. लोक हसले. कुणी म्हणालं, ‘भजे बी मांगता काय, ताई?’ कुणी समजावलं, की खर्च असतो, शिस्त असते, एकदा चहा पाजला की उमेदवार सलगी करतो. मी त्यांना एकच सांगते. बोलावलं तुम्ही. ज्यानं बोलावलं तो यजमान, आणि यजमानाला निवडीचा अधिकार असला तरी तहानेवर अधिकार नसतो. नोकरी एकालाच द्या, पाणी सगळ्यांना द्या. एवढं न जमणाऱ्या कंपनीनं व्यवहारकौशल्याबद्दल आम्हाला प्रश्न विचारू नयेत.

पत्रक छापून आलं तेव्हा बाबांनी चष्मा लावून ते उजेडात धरलं, ओळीवर बोट फिरवत शेवटपर्यंत वाचलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्यांनी हळूच विचारलं, ‘याच्यात माह्यं नाव त नाही टाकलं ना?’

परवा आम्ही दोघं बडनेऱ्याहून अकोल्याला निघालो होतो. दोन्ही बाजूंना तुरीला पिवळा फुलोरा, खिडकीतून मऊ, हिवाळी ऊन. मी डबा उघडला, कडी मुद्दाम वाजवली. समोरच्या गृहस्थांनी सवयीनं मान वर केली. त्यांच्या ओठांवर उत्तर तयारच होतं. बाबा खिडकीबाहेर पाहत राहिले. मग मीच म्हणाले, ‘या जेवाले!’ पण मोर्च्यांत घासलेला माझा गळा; ते बोलावणं घोषणेसारखं निघालं आणि गाडीचा सगळा डबा वळून पाहू लागला. ‘होऊ द्या, ताई,’ गृहस्थ हसून म्हणाले. रीत पुरी झाली. फक्त त्या दोन वाक्यांच्या मधली जागा, जिथे माझे बाबा राहायचे, ती रिकामी होती. आणि माझ्या शेजारी, माझ्या खांद्याला खांदा लावून बसलेल्या माणसाची आठवण यावी, इतके ते दूर गेले होते.