उन्हात टाकलेली लाठी

मी एक जुनी काठी आहे. पण मित्रांनो, जन्माने मी काठी नव्हे, लाठी. आज एका म्हाताऱ्याच्या हाताखाली टक् टक् करत चालते, म्हणून माझ्याकडे कोणी वळून पाहत नाही. एके काळी मी फिरू लागले की पोरे दहा पावले मागे सरकायची. मधे काय झाले तेच सांगायचे आहे. थोडे रागाने सांगेन, तेवढे सांभाळून घ्या.

मी सातपुड्यातला भरीव बांबू. शिरपूरच्या बाजारातून मला तोतारामनानांनी आणले. शिरपूरजवळच्या एका गावातल्या व्यायामशाळेचे ते वस्ताद. त्यांनी मला निखाऱ्यावर शेकून सरळ केले, गाठी घासल्या आणि महिनाभर तेल पाजले. नाना बांबूचे दर्दी. नुसता अंगठा फिरवून ते बांबूचे वय सांगायचे, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९८७ साली नानांनी मुलींचा वर्ग सुरू केला. गाव कुरकुरले, पण नाना हटले नाहीत. सात मुली आल्या आणि मी नववीतल्या कोकिळाच्या वाट्याला आले. तिचा हात लहान, पण पकड अशी की मला घाम फुटावा. तिची जोडीदार सुगंधा, तिची जिवलग मैत्रीण. दोघी समोरासमोर लाठ्या भिडवायच्या तेव्हा नाना मिशीतल्या मिशीत हसायचे.

व्यायामशाळेत आम्हा लाठ्यांना उभे करायच्या घडवंचीच्या वर मारुतीची तसबीर होती. त्यामुळे नियम असा, की मुलीला पाळी आली की तिने चार दिवस बाहेरच्या ओट्यावर बसायचे आणि लाठीला शिवायचे नाही. वर्ग चालू आणि एक लाठी घडवंचीवर तशीच उभी, म्हणजे कोण बसले आहे ते अख्ख्या आळीला कळायचे. पोरे लाठ्या मोजून खिदळायची. मी त्या घडवंचीवर कितीतरी वेळा एकटी उभी राहिले आहे. कोकिळा ओट्यावर मान खाली घालून बसलेली असायची आणि मला तिची लाज वाटायची नाही, त्या पोरांची वाटायची.

पुढच्या वर्षी एक मेला धुळ्याला प्रात्यक्षिक ठरले. मुलींचे पथक, पुढे कोकिळा. गावातल्या मोठ्यांनी नानांना सांगितले होते, की धुळ्यात नाव झाले तर वर्ग राहील, नाहीतर पोरींचे खेळ पुरे. शेवटच्या पंधरा दिवसांत जी चुकेल ती पथकातून बाहेर, असे नानांनी बजावले. आणि नेमकी त्याच दिवसांत कोकिळाला पाळी आली.

ती कोणाला बोलली नाही. रोज आली, मला उचलले, फिरवले. पहिल्या दिवशी तिच्या पोटात दुखत होते, हे मला तिच्या श्वासावरून कळले. ती जरा टेकली, पाणी प्याली आणि पुन्हा उठली. मित्रांनो, मी शपथेवर सांगते, तिचा हात तोच होता, तेवढाच गरम, तेवढाच पक्का. माझ्यात काहीसुद्धा बदलले नाही.

शनिवार उजाडला. शनिवारी एकीने मारुतीला हार घालायचा असे. त्या दिवशी नानांनी हार कोकिळापुढे धरला. तिला सहज घालता आला असता, कोणाला कळणार होते? पण ती मागे सरली आणि हळूच म्हणाली, "मारोतीले मी आज हात नही लावस." नानांची बायको भिकुबाई दारातच होती. तिने कपाळावर हात मारला. देवाशी खोटे वागायचे नाही एवढ्यासाठी पोरगी उघडी पडली.

नाना रागावले नाहीत, हे खरे. त्यांना वाटले आपण मोठे मन दाखवतो आहोत. ते म्हणाले, "लाठी धुई टाका, चार दिन उनमा ठेवा. इतलंच." मला हौदात बुचकळून व्यायामशाळेच्या पत्र्यावर टाकले. एप्रिलचे आमच्याकडचे ऊन, खाली तापलेला पत्रा. माझ्यातले तेल आटले. तिसऱ्या दुपारी माझ्या अंगात टच्च आवाज झाला आणि एका गाठीपासून दुसरीपर्यंत बारीक तडा गेला. ऐकायला तिथे कोणी नव्हते. चार दिवस उलटले तरी मी तिथेच; निघायच्या सकाळी मला घाईत खाली काढले, तेलाचे बोटही न लावता गाडीत टाकले.

धुळ्याच्या मैदानावर कोकिळाने मला उचलले तेव्हा मला ओरडावेसे वाटले. सुगंधाची लाठी माझ्यावर आदळली. मी फाटले. माझी एक फाक उडून सुगंधाच्या गालात घुसली, डोळ्याच्या दोन बोटे खाली. टाके पडले. भिकुबाईच्या तोंडून सगळ्यांना कारण कळलेलेच होते. परतीच्या गाडीत तेच बोलणे, विटाळ भोवला, मारुती कोपला.

नानांनी मला हातात घेतले, तड्यावरून अंगठा फिरवला. माराने फुटलेला बांबू चिंध्यांसारखा फाटतो, त्याच्या पोटात धूळ नसते. माझ्या तड्यात पत्र्यावरची धूळ होती, म्हणजे तडा आधीच गेलेला. नानांनी ती बोटाने पुसली आणि गप्प बसले. मला सगळ्यात जास्त चीड त्या बोटाची आली.

वर्ग बंद झाला. कोकिळाने सगळा दोष स्वतःवर घेतला. सुगंधाच्या दारी ती दोनदा गेली, दोन्ही वेळा दार उघडले नाही. मग तिने त्या गल्लीतून जाणेच सोडले. पुढे दोघींची लग्ने झाली. नानांनी मला खालून कापले, तड्याभोवती तार गुंडाळली आणि स्वतःची काठी केली. नऊ वर्षे त्यांचा तळवा त्या तारेवर होता.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावच्या लेकी माहेरी आल्या, कोकिळा आणि सुगंधाही. गावभर झोके बांधलेले. वाटेत नाना भेटले तशी ती त्यांच्या पाया पडली. तिची लहान मुलगी माझ्याकडे पाहून विचारू लागली, की ही फिरवायची लाठी आहे का. कोकिळाने झटकन तिचा हात मागे ओढला. ते नानांनी पाहिले. ते रस्त्यातच खाली बसले आणि माझी तार सोडू लागले.

"तो तडा उनना व्हता, बेटा," ते म्हणाले. "तुना काही दोष नव्हता. माले त्याच दिनले समजनं व्हतं."

कोकिळाने वाकून उघडा तडा पाहिला. मग म्हणाली, "नऊ वरीस लागनात, नाना, हाई सांगाले?"

तिने मला त्यांच्या हातातून काढून घेतले. नाना भिंत धरून उभे राहिले. ती तडक सुगंधाच्या माहेरच्या दारी गेली आणि मला पुढे करून नाना काय म्हणाले ते सांगितले. सुगंधाने माझ्या तड्यावरून बोट फिरवले, मग तेच बोट आपल्या गालावरच्या व्रणावर नेले. ती दारातून बाजूला झाली आणि कोकिळा आत गेली.

मित्रांनो, मी आता त्या दाराशी टेकून उभी आहे. आत दोघी रडत आहेत. तुमच्या शाळेत खेळाच्या तासाला एखादी मुलगी बाजूला बसली, तर लाठ्या मोजू नका. तिचे दुखत असेल तर बसू द्या, खेळायचे असेल तर खेळू द्या, ठरवायचे तिनेच. आमच्यासारख्यांना तेल द्या, सावलीत ठेवा. आणि तड्यातली धूळ दिसली तर तिथल्या तिथे बोला.