पाट्यावरची चांदी

केरूला चांदी सापडली होती, आणि ही गोष्ट बायकोला, सखूलासुद्धा सांगायची नाही एवढी अक्कल त्याला होती. डोंगरामागच्या बंद पडलेल्या खाणीपाशी गुरं शोधताना तो दगड पायाला लागला. मुठीएवढाच, पण मनगट लचकेल इतका जड, आणि आतून लखलखणारा. लेक संस्कृती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. नातवंडाच्या पायात घरच्या चांदीचे वाळे घालायचे, या विचाराने केरू नुसता हरखून गेला होता.

केळशीला उमाताई राहत, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. लेकीच्या बाळंतपणाचं, वाळ्यांचं सांगत केरूने रुमालाची गाठ सोडून तुकडे त्यांच्यापुढे ठेवले. ताईंनी एक हातावर तोलला, फरशीच्या खरखरीत पाठीवर घासला. काळपट रेघ उमटली.

"चांदीची रेघ पांढरी चमकते, केरू. हे शिशाचं खनिज दिसतंय. चांदी असलीच तर नखावर मावेल एवढी." मग त्या वाकून बघू लागल्या. "फुटलंय पण कसं चौकोनी! कशावर फोडलंस?"

"पाट्यावं, ताई. परवा सखू पऱ्ह्यावं धुणं घेऊन गेली तवा. वर तांब्याभर पाणी वतलं न् ठेवला जागेवं."

"वाटणाच्या पाट्यावर?" ताईंचा आवाजच बदलला. "अरे, शिसं म्हणजे विष! पोटातल्या बाळाला तर फारच वाईट."

केरूला घरचं आठवलं. तो घरून निघाला तेव्हा लाईट गेलेली होती, आणि सखू पाटा मांडून नारळ खवत होती. त्याने फोन लावला, पण घराकडे रेंज कुठली! रिक्षावाल्या विनोदच्या हातापाया पडून त्याने रिक्षा पळवायला लावली. चढणीवर ती कण्हायला लागली तसा तो देवाला विनवत राहिला, मला काय करायचं ते कर, पोरीला नको.

चपलांसकट तो आत घुसला. संस्कृतीने कालवणाचा पहिला घास तोंडाशी नेला होता. केरूने तो हिसकून पाडला आणि ताट लाथेने उडवलं.

"याड लागलं काय तुमाला?" सखू ओरडली. "भरल्या ताटाला लाथ?"

धापा टाकत त्याने सगळं सांगितलं. सखू मटकन खाली बसली आणि मग एकदम हसलीच. "लाईट आली मघाशी. मिक्सरला वाटलंय मी. पाट्याला आज हात नाय लावला."

केरू भिंतीला टेकला. त्याला रडूच फुटलं.

"बाबा," संस्कृती हळूच म्हणाली, "काल घावनांसंगं चटणी होती ती?"

सखूचं हसू मावळलं. लेकीला मिक्सरची चटणी आवडत नाही, म्हणून काल तिने मुद्दाम पाट्यावर वाटली होती.

विनोदची रिक्षा अजून दारातच होती. तिघं तिच्यातूनच दापोलीच्या डॉक्टरांकडे निघाली. वाटेत संस्कृतीनेच बापाचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला.

"हलतंय बगा. बरं हाय ते."

केरूने हात तसाच ठेवला. पण हलतंय ते बाळ, की आपलाच हात, हे काही केल्या त्याला कळेना.