शेरा: आवश्यकता नाही

शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्रावर रसायनतज्ज्ञ म्हणून सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाला स्वतःच्या पाण्याचा थोडा अभिमान असणारच. रोज सकाळी नमुना घ्यायचा, त्यात क्लोरीन पुरेसं उतरलंय ना ते पाहायचं आणि खाली सही ठोकायची: पिण्यास योग्य. घरी आलेल्या पाहुण्याने पिशवीतून बाटलीबंद पाणी काढलं, तर त्याच्या कपाळावर आठी पडे.

त्यामुळे लेक वर्षभराच्या प्रशिक्षणाला परगावी निघाली आणि जाताना आपला सॅलमँडर बाबांच्या गळ्यात मारून गेली, तेव्हा हा खाणार काय, एवढाच प्रश्न त्याला पडला. पाण्याचा पडलाच नाही.

सॅलमँडर म्हणजे पाल आणि मासा यांच्यात तडजोड झाल्यासारखा प्राणी. वीतभर लांब, गुलाबी, कायम पाण्यात. मानेशी पिसांसारखे कल्ले आणि तोंडावर अष्टौप्रहर हसू. बायकोने त्याचं नाव जावईबापू ठेवलं. "आयतं खातो, इकडची काडी तिकडे करत नाही, आणि वर हसतो," ती म्हणायची. "पोरीने माणूस आणला असता तर वेगळं काय झालं असतं?"

टाकीच्या झाकणावर लेकीने चिठ्ठी चिकटवली होती: 'नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मगच घालणे.' असे कागद ऑफिसात त्याच्यापुढे रोज येत. त्याने सवयीने लाल पेन काढलं, खाली 'आवश्यकता नाही' असा शेरा मारला आणि सही केली. तारीखही घातली.

तिसऱ्या आठवड्यात जावईबापूंच्या पाठीवर कापसासारखा पांढरा ठिपका दिसला. त्याने पाणी बदललं. ठिपक्यांचे तीन झाले, तेव्हा तो दिवसातून दोनदा बदलू लागला. ताजं, धारेखालचं. कल्ल्यांच्या झालरी झडल्या, कातडी सोलल्यासारखी लाल झाली, तेव्हा त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारचंही एक पाणी वाढवलं.

"अहो, तो रोडावतोय." बायकोने आता जावईबापू म्हणणं सोडलं होतं.

"पाण्यात काही दोष नाही," तो म्हणाला.

"मी पाण्याचं नावही काढलं नाही."

जनावरांच्या डॉक्टरबाईंनी चष्मा लावून डब्यात डोकावून पाहिलं. "खरं सांगू? माझ्याकडे आलेला हा पहिलाच. पाणी कुठलं घालता?"

"आमचंच." छाती नाही म्हटलं तरी इंचभर पुढे आली.

"आमचं म्हणजे?"

"शहराचं. ते मीच तपासून सोडतो."

"ठेवून घालता, की थेट नळाचं?"

त्याला चिठ्ठी आठवली: उघड्या पाण्यातलं क्लोरीन दिवसभरात उडून जातं. क्लोरीन मारायला लागलं की हा जंतू आणि हा पाहुणा असा भेद करत नाही, हे त्याच्याइतकं शहरात कुणाला ठाऊक नव्हतं. शाळेतल्या माशांच्या टाकीबद्दल तसं पत्रही त्यानेच लिहिलं होतं. पण ते लोकांच्या माशांबद्दल.

"ह्यांची कातडी म्हणजे ओला कागद," बाई म्हणाल्या. "आधी ती भाजली, मग बुरशी आली. रोज दहा मिनिटं मिठाच्या पाण्यात ठेवा. बाकी वेळ फ्रिजमध्ये, गारव्यात बुरशी पसरत नाही. आणि हात लावू नका, आपला तळहात त्याला चटक्यासारखा लागतो."

"बरा होईल?"

"मी गुरांची डॉक्टर. होईल म्हटलं तर तुम्ही विश्वास ठेवाल, म्हणून म्हणत नाही."

पाण्यातलं क्लोरीन घालवायची पूड प्रयोगशाळेत त्याच्याच टेबलाच्या खणात होती. चिमूटभर टाकली की मिनिटभरात पाणी निर्धोक. ती त्याने पुडीत बांधून आणली. पाणी लगेच सुधारलं. कातडीला ते कळेना.

मिठाच्या पाण्यात तो प्राणी पीळ घातल्यासारखा वळायचा आणि हा घड्याळ धरून उभा. दुखतंय का, हे कळायला तोंड एकच, आणि ते हसत होतं.

"दूध काढायला फ्रिज उघडावा तर हा हसतोय," बायको म्हणाली. "मरताना तरी तोंड पाडावं कुणी."

"मरत नाहीये तो."

तिने फ्रिजचं दार लावलं.

दर रविवारी लेकीचा फोन यायचा. दोन रविवार त्याने 'झोपलाय' म्हणून निभावले. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "बाबा, त्याला पापण्या नाहीत. झोपलाय हे तुला कसं कळतं? टाकी दाखव."

चिठ्ठी फाडावी असं कितीदा मनात आलं होतं. पण सही केलेला कागद फाडायची त्याला सवय नव्हती. त्याने फोन वळवला. रिकामी टाकी, झाकण, चिठ्ठी, लाल शेरा. लेक वाचेपर्यंत तो तसाच धरून उभा राहिला.

"मी गेले त्याच दिवशीची तारीख आहे," ती म्हणाली.

"हो."

"तो कुठेय?"

"फ्रिजमध्ये." पलीकडे श्वास अडकलेला ऐकू आला. "जिवंत आहे," तो घाईने म्हणाला. "औषधासाठी ठेवलाय."

त्याने डबा काढून ओट्यावर ठेवला, वर फोन धरला. पांढरं आता मागच्या पायापर्यंत पोचलं होतं.

"पाय हलवतो का?"

"सकाळी हलवला होता."

"आता?"

"थांब जरा."

दुसरा हात आपसूक डब्याकडे गेला. तळहाताचा चटका बसतो हे त्याला आठवलं, तसा तो त्याने मागे नेला आणि पाठीशी मूठ वळून धरला. फ्रिजचं दार उघडंच राहिलं होतं. ते तसंच सोडून बायको शेजारी येऊन उभी राहिली. तिघंही पाण्याकडे बघत राहिले.