समुद्र डाव्या हाताला

डेलिमा व्हायोलेटच्या घरी मार्च महिना कॅलेंडर बघून लागत नसे. ज्या सकाळी ओनेझिम, तिचा नवरा, टेबलावरची मिठाची डबी नि काकवीचा बुधला उचलून ओट्यावर ठेवी, टेबल स्वतःच्या बाहीने पुसून घेई आणि तो घडीघडीला फाटलेला नकाशा उलगडी, त्या सकाळी मार्च लागला असं समजायचं. बाहेर बर्फ अजून खिडकीच्या चौकटीला टेकलेला असायचा. पागोळ्या ठिबकत असायच्या, अंगणात घोटाभर चिखल, आणि बटाट्याची शेतं पांढऱ्या गोधडीखाली गाढ झोपलेली. आणि आत, चुलीच्या उबेला, हे दोघं कॅनडातल्या गास्पेच्या समुद्रकाठाने निघालेले असायचे.

असे एक्केचाळीस मार्च झाले. गेले मात्र एकदाही नव्हते.

परदेश म्हणावा तर तो त्यांच्या परसातून दिसायचा. नदीच्या अलीकडे मेन राज्यातलं त्यांचं मडावास्का, पलीकडे कॅनडा. डेलिमाची मावसबहीण पलीकडे, डेलिमाच्या मते बरं म्हणावं असं कुट्टूचं पीठ मिळे तेही पलीकडेच. पूल ओलांडायला पाच मिनिटं. पण पुलापलीकडच्या गावाच्या पुढे जायचं म्हटलं की मे महिन्यात लावणी आडवी यायची, जूनमध्ये तण, जुलैत फवारणी, सप्टेंबरात काढणी, आणि मग परत बर्फ. बटाट्याने या घराला पोसलं हे खरं, पण दारातून बाहेर कधी पडू दिलं नाही.

म्हणून ओनेझिम टेबलावरच गाडी हाकायचा. त्याचा एक काका तरुणपणी लाकूडतोडीला तिकडे गेला होता. त्याने सांगितलेलं सगळं याला पाठ. "आता मातापेदियाचा पूल ओलांडला हं," तो बोट पुढे सरकवत म्हणायचा. "आता तुझ्या बाजूला खाडी लागली." डेलिमा सोयाबीनएवढ्या पिवळ्या घेवड्यातले खडे निवडत मान वर करायची. उजव्या हाताची भिंत, तिच्यावर टांगलेली झारी, तवा आणि दोन घड्याळं. आणि बघता बघता ती भिंत पातळ व्हायची, निळसर व्हायची, आणि तिच्यातून पाण्याचा लांबच लांब पट्टा डेलिमाबरोबर चालायला लागायचा. खारा वास यायचा. कार्ल्टनला एक रात्र. मग पर्से, जिथे समुद्रात जहाजाएवढा खडक उभा आहे आणि त्याच्या पोटातून आरपार भोक आहे. तिथे दुसरी रात्र. मग टोकाला वळसा घालून उत्तरेचा काठ, जिथे डोंगर थेट रस्त्यावर उतरतात आणि रस्ता थेट पाण्यात उतरल्यासारखा वाटतो. तिसरी रात्र सेंट-ॲन-दे-माँला. चौथ्या दिवशी घर.

या बाजूने का जायचं, त्या बाजूने का नाही, हे पहिल्याच मार्चात ठरलं होतं. इकडे गाडीचं चाक डाव्या अंगाला, तेव्हा ओनेझिम गाडी चालवणार म्हणजे तो डावीकडे बसणार, डेलिमा उजवीकडे. दक्षिणेकडून वर चढलं की सगळा वेळ समुद्र उजव्या हाताला, डेलिमाच्या खिडकीशी. "मी आपला रस्ता बघेन," तो म्हणाला होता. "समुद्र तू बघ." या माणसाने लग्नात फुलं आणली नव्हती. डेलिमाने ते वाक्य फुलांच्या खात्यात जमा करून टाकलं होतं आणि त्याला कधी कळू दिलं नव्हतं.

यंदा मात्र ही सगळी हवेतली गोष्ट राहिली नव्हती. शेत पुतण्याने कसायला घेतलं होतं. लेक जिस्लेन पोर्टलंडहून चार दिवसांसाठी आली होती आणि आल्या आल्या तिने फोनवर बोटं नाचवून तिन्ही रात्रींच्या खोल्या घेऊनही टाकल्या होत्या. जूनच्या दुसऱ्या आठवड्यातल्या. आता जायचं होतं, खरोखरीचं.

आणि नेमकं यंदाच ती ठरलेली वाट डेलिमाला नकोशी झाली होती.

झालं असं की गेल्या काढणीत ओनेझिम बटाट्याच्या कोठारात खाली बसला तो उठेना. दोन मिनिटांत सावरला, तरी तीन दिवस हॉस्पिटलात ठेवलं. डॉक्टरांशी एकटाच बोलला. बाहेर आला तो टोपी झटकत. "काही नाही. म्हातारपण, म्हणाले. गाडी तेवढी तू चालव. आयुष्यभर रस्ता बघितला, आता मी खिडकीतून बघणार."

डेलिमा शाळेत तीन हिवाळे गेली होती, पण ताट वाचता येत होतं तिला. त्या दिवसापासून नवऱ्याच्या ताटात उजव्या कडेचं लोणी तसंच राहायला लागलं. उजवीकडे ठेवलेला काकवीचा बुधला तो डावीकडे शोधायचा. शेजारीण उजवीकडून येऊन बोलली की दचकायचा. एका सकाळी डेलिमाने मुद्दाम त्याची टोपी खुर्चीच्या उजव्या दांडीवर अडकवली आणि भांडी घासत राहिली. त्याने घरभर टोपी शोधली. शेवटी अख्खा वळला, तेव्हा सापडली.  त्याच्या दोन्ही डोळ्यांतलं उजवीकडचं अर्धं जग गेलं होतं आणि तो ते बंद मुठीत धरून बसला होता. डेलिमाने त्या दिवसापासून घरातली प्रत्येक वस्तू गुपचूप त्याच्या डावीकडे ठेवायला सुरुवात केली.

बोलायची सोय नव्हती. हा माणूस कसा आहे ते तिला ठाऊक होतं. "तुला दिसत नाही" एवढं कुणी तोंडातून काढलं असतं, तर त्याने नकाशाची घडी घातली असती, "माझ्यामुळे कुणाची फरपट नको" म्हणाला असता, आणि मग त्याला गास्पे दाखवायची ताकद देवबाप्पाच्याही अंगात नव्हती. आणि न बोलावं, तर तो आपल्याच ठरवलेल्या वाटेने उजव्या खिडकीशी बसणार, आणि चार दिवस समुद्र त्याच्या आंधळ्या बाजूने निघून जाणार. मान पार खांद्याला लावून बसला तर दिसेल थोडा. पण मान लावली की गुपित फुटलं. म्हणून तो लावणार नाही. घरी येऊन "छान होता" म्हणेल.

शनिवारी सकाळी डेलिमाने तव्यावर प्लॉय टाकल्या. कुट्टूच्या पिठाची ही धिरडी एकाच बाजूने भाजायची, वरच्या अंगाला नुसती जाळी जाळी पडते. ताटली ओनेझिमच्या डाव्या हाताशी सरकवून ती बसली आणि नकाशावर तीन रात्रींच्या जागी तीन पिवळे घेवडे मांडले. नावं तिला वाचता यायची नाहीत. घेवडे वाचता यायचे.

"मी विचार केलाय," ती म्हणाली. "आपण उलटं जायचं. आधी वरचा काठ, मग पर्से, मग खाडी."

ओनेझिमचा घास हातातच राहिला. "उलटं?"

"कानात मेण गेलंय का? उलटं."

"ममा, आता नको हं!" जिस्लेनने कॉफीचे कप आणून ठेवले. "खोल्या झाल्यात घेऊन."

"झाल्यात तर झाल्यात. मधला घेवडा हलतच नाही. बघ. पर्सेचा जागच्या जागी. हे दोन कडेचे तेवढे बदलायचे." डेलिमाने दोन बोटांनी दोन घेवडे उचलून इकडचा तिकडे केला. "कॉलेजात एवढं शिकवत नाहीत का?"

"पण का?" ओनेझिम म्हणाला. त्याचा आवाज रागाचा नव्हता, दुखावल्यासारखा होता. "एक्केचाळीस वर्षं रस्ता असा जातोय."

आता कारण हवं होतं. डेलिमाने भिंतीकडे बघितलं. तिथे दोन घड्याळं होती: एक अलीकडचं, एक पलीकडचं. पूल ओलांडला की घड्याळ तासाने पुढे जातं, त्यापुढच्या क्युबेक प्रांतात शिरलं की परत मागे येतं. इथली पोरं हे बोलायच्या आधी शिकतात.

"वेळ," ती म्हणाली. "तुझ्या वाटेने गेलं की पुलावर माझा एक तास जातो, तो दुपार कलली तरी परत मिळत नाही. दिवसभर मी एका तासाने लंगडी. माझ्या वाटेने पाऊण तासात क्युबेक लागतं. गेलेला तास परत पदरात."

"अगं, पण येताना जातोच ना तो!"

"येताना मला कुठे कोंबड्या सोडायच्यात?"

"ममा, याला काही अर्थ आहे का?"

"तू गप्प बस. तुझा जन्म पलीकडच्या दवाखान्यात झाला, तुझा वाढदिवस कोणत्या घड्याळाने धरायचा यावर तुझ्या दोन्ही आज्या वर्षभर बोलत नव्हत्या. वेळेचं मला शिकवू नको."

ओनेझिम हसला नाही. नकाशाकडे बघत म्हणाला, "त्या वाटेने समुद्र डावीकडे जातो, डेलिमा. रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला. मी तुझ्यासाठी..." पुढचं त्याने गिळलं. "मला नाही उलटं करायचं. जायचं तर असंच. नाहीतर राहू दे." आणि आपली वाट दाखवायला त्याने हात पुढे नेला, खाडीच्या मुखापासून पर्सेपर्यंत, आणि कोपर उजवीकडच्या कपाला लागलं.

कॉफी खाडीभर पसरली. कार्ल्टन बुडालं.

"पपा! समोर तर होता कप!" जिस्लेन फडकं घेऊन धावली. "तुम्हाला दिसला नाही का? कालही जिन्याच्या कठड्याला असेच..."

ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी जुळायला लागलेलं डेलिमाला दिसलं. ओनेझिमचे हात टेबलाच्या कडेवर घट्ट झाले होते. आणखी एक शब्द, आणि सगळं संपलं असतं.

"माझी चूक," डेलिमा म्हणाली. "मीच सरकवला तो कप तिथे."



जिस्लेनच्या हातात फडकं तसंच. या घरात डेलिमाकडून चूक होत नसे. पाव करपला तर चूल जुनी असायची. चष्मा हरवला तर तो पाद्र्याने उचललेला असायचा. एका वर्षी ट्रॅक्टर नाल्यात गेला तेव्हा नाला जागेवरून हलला होता. पन्नास वर्षांच्या संसारात हे दोन शब्द कुणी ऐकले नव्हते. भांडणात नाही, चर्चमधल्या कन्फेशनच्या खोपटातही बहुधा नाही.

ओनेझिम हळूच वळला. अख्खा वळला, खांद्यांसकट, म्हणजे ती पूर्ण दिसेल असा. तिच्याकडे बघत राहिला. डेलिमाने ओठ घट्ट मिटून ओल्या कार्ल्टनवरून ॲप्रनचा कोपरा फिरवला, जणू कागद सुकवण्याहून मोठं काम जगात नाही.

"केव्हापासून?" त्याने विचारलं.

"काय केव्हापासून?" ती म्हणाली. "कॉफी आत्ताच सांडली."

तो आणखी थोडा वेळ बघत राहिला. मग त्याच्या हातांची पकड सैल झाली. नाकातून हसल्यासारखा एक आवाज आला.

"जिस्लेन," तो म्हणाला, "त्या दोन खोल्या बदलून घे बाई. वेळेच्या बाबतीत तुझ्या आईशी वाद नको."

जिस्लेन एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघून फोन उचलून बाहेरच्या खोलीत गेली. तिचं फ्रेंच तिकडून ऐकू यायला लागलं, जून, दोन माणसं, हो, पहिली नाही, तिसरी.

नकाशा भिजला होता, पण अजून नकाशाच होता. डेलिमाने खुर्ची ओढली आणि बसली. दोन्ही हात टेबलावर ठेवले, काढणीच्या ट्रकचं चाक धरायची तसे. ओनेझिमने आपली खुर्ची उचलली, वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला आणली, आणि बसला.

"सांग," ती म्हणाली. "मला काय रस्ता ठाऊक."

"मलाही नाही," तो म्हणाला. "या बाजूने मी कधी आलेलो नाही."

आणि तो खरंच अडखळला. रिव्हिएर-द्यू-लूपनंतर काय, हे त्याला मागून आठवावं लागत होतं. मग डेलिमानेच हळूहळू सुरुवात केली. नदी इथे रुंद होते. इतकी, की पलीकडचा काठ आहे का नाही ते कळत नाही. आता रिमुस्की. आता मातान, इथे कोळंबी घ्यायची, तुझ्या काकाने घेतली होती. आता डोंगर खाली उतरले. एक्केचाळीस वर्षं घेवडा निवडत ऐकलेलं सगळं तिच्या तोंडून शेवटाकडून पहिल्याकडे येत होतं, न वाचता, न अडता. खिडकीतलं ऊन बर्फावरून उडून छतावर हलत होतं. डावीकडे चूल होती, चुलीमागे भिंत होती, आणि भिंत पातळ होत चालली होती.

ओनेझिम तिच्याकडे तोंड करून बसला होता. तिचं नाक, तिची हट्टी हनुवटी, कानामागे खोचलेली पांढरी बट. आणि त्यांच्या पलीकडे, सगळं मोकळं.

"डेलिमा."

"काय?"

"मान जरा मागे घे. तुझं नाक येतंय पाण्यात."

"नाक माझ्या बापाचं आहे. त्याला सांग."

पण ती मागे टेकली. हात चाकावरच ठेवले, आणि वेग थोडा कमी केला.

"आता?" तिने विचारलं.

त्याने तिच्या नाकापलीकडे नजर नेली.

"आता दिसतंय," तो म्हणाला.