शेवटचं जुज

"शेवटची पानंच नाहीत यात," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी जाड कादंबरी काउंटरवर ठेवली.

ग्रंथपाल मॅडमनी मागचा पुठ्ठा उघडला. वाक्य अर्ध्यावर तुटलं होतं. पुढे कोरा कागद.

"घरात लहान मुलं आहेत?"

"कोणी नाही. मी आणि हे." सिस्टर थांबल्या. "हे होते."

"मग पानं गेली कुठे? पुस्तक नवं बांधून आल्या आल्या तुम्ही नेलंत. मध्ये दुसऱ्या कुणाचा हातही लागलेला नाही. मुदत वाढवून मागितलीत, दर वेळी वाढवून दिली."

"अहो, जन्म गेला माझा इस्पितळात. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावते का मी?"

"मी तसं म्हटलं का? पण कुणाला तरी विचारायला नको?"

खिडकीखालच्या टेबलाशी पुस्तकं बांधणारे मामा उभे होते. हातातल्या ब्रशवरची खळ ओघळून मनगटावर आली, तरी ते हलले नाहीत. सिस्टर सही करून निघून गेल्या. जाताना त्यांनी खुर्ची नीट आत सरकवली.

मॅडम वळल्या. "बघितलंत मामा? वर तोंड करून बोलतात. बरं, ते जाऊ दे. भिंतीवरच्या वाचकांच्या फलकासाठी आपल्या सगळ्यांची नावं आली, तुमचंच राहिलंय. वर्षभरात काय वाचलंत?"

"मी कसला वाचतोय," मामा म्हणाले.

ते खोटं होतं. उभी हयात पुस्तकं बांधण्यात गेली, पण मामांनी वाचायला सुरुवात केली ती याच वर्षी. बायको गेल्यावर संध्याकाळी घरात आवाज उरला नव्हता. टीव्ही लावला की तो त्यांच्यावर खेकसल्यासारखा वाटे. एकदा काम अर्धवट राहिलं म्हणून त्यांनी एक जुज डब्याच्या पिशवीतून घरी नेलं. जुज म्हणजे शिवणीसाठी दुमडलेली सोळा पानांची घडी. जेवताना सहज नजर टाकली आणि भाजी गार झाली.

मग सवयच लागली. उसवलेल्या पुस्तकातलं एक जुज संध्याकाळी न्यायचं, सकाळी आणून जागेवर शिवायचं. बहुतेकदा मधलंच हाताला लागे. त्यामुळे मामा कुणाच्या तरी लग्नाला हजर असत, पण नवरानवरीची ओळख कुठे झाली ते त्यांना माहीत नसे. एका खुनाचा तपास त्यांनी मन लावून वाचला. खून कुणाचा, ते मात्र कळलं नाही. लेक फोनवर हसायची. "बाबा, अख्खं पुस्तक घरी न्या की. तुम्हाला कोण नाही म्हणणार आहे?" अख्खं पुस्तक न्यायचं तर नाव नोंदवावं लागणार, आणि मग विचारणारे विचारणार. मामांना ते नको होतं.

ही कादंबरी दोन भावांची. धाकटा घड्याळं दुरुस्त करतो, थोरल्याशी भांडून घर सोडतो. मामांच्या पिशवीत नेमकं शेवटचं जुज गेलं. ते त्यांनी रात्री वाचलं, सकाळी पुन्हा वाचलं आणि आणखी एक दिवस घरी ठेवलं. त्याच दिवशी वरून तपासणी येणार असल्याचा निरोप आला. सगळी पुस्तकं दुपारच्या आत कपाटात हवी होती. एक जुज कमी आहे हे ठाऊक असताना मामांनी पुस्तकाच्या पाठीला सरस लावला आणि पुठ्ठा चढवला. तपासणी झाली की पुन्हा उसवू, असं मनाशी म्हटलं. संध्याकाळी पाहिलं तर पुस्तक कपाटात नव्हतं.

काही दिवस ते परत आलेल्या पुस्तकांच्या थप्पीवर नजर ठेवून होते. मग कामाच्या रगाड्यात तेही सुटलं. नाही, सुटलं नाही, त्यांनी सोडलं. जुज घरी तांदळाच्या डब्यामागे होतं आणि तांदूळ काढताना ते रोज दिसायचं.

जेवणाच्या सुट्टीत मामा घरी गेले. डब्यावर जेवणारे मामा आज कुठे निघाले, हे मॅडमनी विचारायच्या आत ते जिना उतरले होते. तिथून ते परस्पर सिस्टरच्या दारात गेले.

बाहेरच्या खोलीत उंच लोखंडी पलंग होता. गादी गुंडाळून ठेवलेली. पलंगाशेजारी स्टूल आणि स्टुलावर चष्मा.

"सिस्टर, ही पानं." मामांनी पिशवीतून जुज काढलं. "मी घरी नेली होती. वाचायला. ती न लावताच पुस्तक बांधलं."

सिस्टरनी पानांवरून नजर उचलून मामांकडे पाहिलं.

"सकाळी तुम्ही तिथेच उभे होतात."

"हो."

"मॅडम मला पोरांचं विचारत होत्या तेव्हा."

"हो. तोंड उघडलं नाही माझं. उघडायला हवं होतं."

"बसा," त्या म्हणाल्या, पण आवाज मऊ झाला नव्हता. मामा उभेच राहिले. "ह्यांना अंथरुणातून उठवत नव्हतं. मी रोज दोन पानं वाचून दाखवायचे. त्याहून जास्त झेपायचं नाही. ह्यांचं एकच टुमणं, 'येतो का गं तो धाकटा परत?' मी म्हणायचे, धीर धरा की जरा, घड्याळवाला आहे, वेळेवर येईल." त्यांच्या ओठांवर हसू आलं आणि गेलं. "शेवटाला आले तर पुढे कागद कोरा. आणि हे डोळे लावून बसलेले. मग मी त्या कोऱ्या पानाकडे बघून सांगितलं, आला. थोरल्यानं दार उघडलं आणि दोघं एका ताटात जेवले. ह्यांनी डोळे मिटले. म्हणाले, असंच पाहिजे. त्याच आठवड्यात गेले."

मामांनी जुज पुढे केलं. सिस्टरनी हात मागे घेतला.

"नको. वाचलं आणि वेगळंच निघालं तर? शेवटी नवऱ्याशी खोटं बोलले, असं होईल ना."

खोलीत पंख्याचा आवाज होता. मामांना ती सोळा पानं पाठ होती. धाकटा येतो. संध्याकाळी गल्लीच्या कोपऱ्यावर उभा राहून घराच्या उजेडाकडे बघतो. आतून थोरल्याच्या खोकण्याचा आवाज येतो. मग तो वळतो आणि निघून जातो.

"तुम्ही वाचलंय ना?" सिस्टर म्हणाल्या. "बाकी काही सांगू नका. येतो का, एवढंच सांगा."

मामांनी जुज पुन्हा पिशवीत ठेवलं.

"येतो," ते म्हणाले.

सिस्टरनी मान हलवली. स्टुलावरचा चष्मा उचलून पदराने पुसला आणि होता तिथेच ठेवला. "मग लावून टाका ती पानं. पुढच्या माणसाला लागतील. मला आता ते पुस्तक नको."

परत आल्यावर मामांनी आधी मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम फलकावर कागद टाचत होत्या. हातातली टाचणी तशीच राहिली.

"मामा, तुम्ही? आणि मी त्या बाईला काय काय बोलले!"

"माझ्यामुळे बोललात."

"मी जाते त्यांच्याकडे." त्या दाराकडे दोन पावलं गेल्या, पुन्हा मागे आल्या. फलकावरच्या नावांकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही वाचता. मग तुमचं काय लिहू?"

"नाव नको, मॅडम. एकही पूर्ण नाही वाचलं."

मामांनी कादंबरी लाकडी शिकंज्यात आवळून धरली, पुठ्ठा सोडवला, पाठीवरचा सरस ओलसर करून खरवडला. जुज जागेवर बसवलं. तांदळाच्या डब्यामागे राहून त्याच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या, बाकीच्या पानांत तेवढ्या वेगळ्या दिसत. त्या आता तशाच दिसणार होत्या. सुईत दोरा ओवून त्यांनी मेण लावलं. नवी भोकं पाडावी लागली नाहीत, जुनी होतीच.

शिवताना पानं त्यांच्यासमोर उघडी होती. मामा दोऱ्याकडे बघत राहिले.