रडका चेहरा

शिट्टी वाजली तशी जोलीन जिथे होती तिथेच थांबली आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकली. जरा दम खाऊन ती शाळेच्या जिमच्या, म्हणजे खेळाच्या मोठ्या हॉलच्या, भिंतीपाशी गेली. तिथे खेळाच्या मॅकेला सरांनी पाच कागदी चेहरे चिकटवले होते. एका टोकाला खदाखदा हसणारा, दुसऱ्या टोकाला ढसाढसा रडणारा. धावून झालं की आपल्याला जसं वाटतंय त्या चेहऱ्याला हात लावायचा. जोलीनने रडक्याला लावला. खोटं कशाला बोला? डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

डॉमिनिकने मात्र हसऱ्याला टपली मारली. हे पठ्ठे दर आठवड्याला घोटा दुखावल्याचं सांगून बाकावर बसायचे.

कॅनडातल्या थंडर बे गावच्या त्या शाळेत बर्फ पडू लागल्यावर हा प्रकार सुरू झाला होता. अर्धं मिनिट जीव खाऊन धावायचं, शिट्टी झाली की थांबायचं, पुन्हा शिट्टी, पुन्हा धावायचं. मुलांना आवडलं तरच तो पुढे चालू राहणार होता.

आवडतं की नाही, हे जोलीनलाच कळत नव्हतं. धावताना ती मनातल्या मनात सरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. आणि त्या तासाच्या दिवशी मात्र तिचे बूट आदल्या संध्याकाळीच दप्तरात जायचे. एकदा तर अंगात कणकण असताना आली. आवडतं का गं, असं आईने विचारलं तेव्हा ती नाही म्हणाली होती. ते खरंच होतं. मग हे काय होतं, ते तिला सांगता येईना.

तास संपल्यावर सरांनी तिला थांबवलं. मॅकेला सर भला माणूस. कुणाला त्रास झालेला त्यांना बघवत नसे.

"तू दर वेळी रडक्यालाच हात लावतेस. तुझ्यासारखे बरेच आहेत," ते म्हणाले. "सोमवारपासून आपल्या जुन्या फेऱ्या. जिमला बारा, आपापल्या चालीने. मग तर झालं?"

"हे बंद करणार?"

"तुला त्रास होतोय ना?"

"होतो."

"मग?"

जोलीन वाकून बुटाची नाडी सोडू लागली. "होतो त्रास. पण..." सर समजल्यासारखी मान हलवून गेले. त्यांना काहीच समजलं नव्हतं, पण तिला तरी कुठे समजलं होतं!

सोमवारी डॉमिनिकच्या बारा फेऱ्या सगळ्यांत आधी झाल्या. मग एकेक जण संपवून भिंतीला टेकून बसत गेला. शेवटी अख्ख्या जिममध्ये धावणारी एकटी जोलीन उरली, आणि टाळ्या सुरू झाल्या.

ही पद्धत सरांचीच. शेवटच्याला एकटं वाटू नये म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. चल जोलीन, थोडंच राहिलं, असं सगळे अगदी प्रेमाने म्हणत होते. बर्फ पडण्याआधी मैदानावरही असंच म्हणायचे आणि ती खाली मान घालून पाय ओढायची. त्यापेक्षा कुणी शिव्या दिलेल्या परवडल्या असत्या.

आत्ता कुठे तिला ते सापडलं. हिवाळाभर शिट्टी सगळ्यांसाठी एकदमच वाजत होती. जो जिथे असेल तिथे थांबायचा. शेवटचं असं कुणी नसायचंच.

ती सरांसमोर येऊन उभी राहिली.

"सर, शिट्टी वाजवा."

"अजून दोन फेऱ्या आहेत तुझ्या."

"माहीत आहे. वाजवा ना."

टाळी वाजवणारे सरांचे हात थबकले. त्यांनी भिंतीशी ओळीने बसलेल्या मुलांकडे पाहिलं, मग समोर एकट्या उभ्या असलेल्या जोलीनकडे पाहिलं.

"सगळे उठा," ते म्हणाले. "अर्धं मिनिट. आहात तिथून."

डॉमिनिकचा घोटा लगेच दुखू लागला. बाकीचे कुरकुरत उठले. शिट्टी झाली आणि जोलीन सुटली. पुन्हा शिट्टी झाली तेव्हा ती जिमच्या मधोमध होती. कुणी तिच्या पुढे, कुणी मागे, सगळे धापा टाकत.

चेहरे अजून भिंतीवर होते. ती गेली आणि तिने रडक्याला हात लावला.

"खरंच?" सरांनी विचारलं.

"खरंच," ती म्हणाली आणि पुढच्या शिट्टीसाठी जागेवर जाऊन उभी राहिली.